फवारायचं औषध

भुजंग सोनकांबळे लातूरच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा आणि उरलेल्या वेळात कॅन्सरवर औषध शोधायचा. शोधायचा म्हणजे एका मूळ पदार्थाला इकडे क्लोरीन जोडायचा, तिकडचा काढून टाकायचा, तयार झालेली पिवळी पूड कुपीत भरायची आणि मुंबईला पाठवायची. तिथे गाठी आलेल्या उंदरांना ती टोचत. काही महिन्यांनी निकाल येई : परिणाम नाही. मग भुजंग क्लोरीन दुसऱ्या जागी जोडायला घेई. यात त्याचे केस पांढरे व्हायला लागले.

नायगावजवळच्या त्याच्या गावात मात्र त्याचे नाव मोठे होते. "माझा लेक औषध करतो," असे त्याची माय नागुबाई सगळ्यांना सांगे. गावात औषध म्हणजे कापसावर फवारायचे. माणसाने घ्यायच्या असतात त्या गोळ्या. त्यामुळे भुजंग गावी आला की शेजारचा शेषेराव ओसरीवर हजर.

"भुजंगराव, तुमचं औषध बोंडअळीवर चालंल का?"

"ते अळीचं नाही हो. अजून उंदरांना देऊन बघतोय."

"मग मरतेत का उंदरं?"

"नाही."

"न्हाई?" शेषेराव हळहळला. "इतकं शिकून?"

हे माणसाचे औषध आहे, असे भुजंग दर खेपेला समजावून सांगे. शेषेराव हाव हाव म्हणे आणि पुढच्या खेपेला घुशींचे विचारी.

उस्मानाबाद तोडून लातूरला ज्या पावसाळ्यात नवा जिल्हा आला, त्या पावसाळ्यात पाऊस आला नाही. कॉलेजचे नळ कोरडे पडले. भुजंगचे द्रावण तासन्‌तास उकळायचे आणि वाफ उडून जाऊ नये म्हणून वरच्या काचेच्या नळीभोवती थंड पाणी वाहते ठेवावे लागे. त्याने एक घागर स्टुलावर ठेवली, एक खाली, आणि खालचे पाणी वर ओतत बसला. "सर, पाणी शिजवून राहिले का?" असे शिपाई जाता येता विचारी.

त्यातच मुंबईचा निकाल आला. पूड उस्मानाबाद जिल्ह्यातून गेली होती, निकाल लातूर जिल्ह्यात आला. भुजंग जागचा हलला नव्हता. गाठी विरल्या होत्या. निम्मे उंदीरही मेले होते.

त्याच आठवड्यात नागुबाई गालाच्या आतला चट्टा घेऊन लातूरला आली. तुकडा काढून तपासला, तर कॅन्सर. लवकर सापडलाय, डॉक्टर म्हणाले. हैदराबादला नेऊन किरणांचा, म्हणजे विजेचा, शेक द्या, उशीर करू नका.

"मी न्हाई जात," नागुबाई म्हणाली. "घरचं औषध असताना हैदराबाद कशाला?"

"माय, ते अजून कुठल्या माणसाला दिलेलं नाही."

"मग मला दे की."

"निम्मे उंदीर मेले त्याने."

"निम्मे जगले की."

"जगले तेही धड नाहीत."

"मी तरी कुठं धड हाय?"

भुजंगने तिला पाटीवर पेशी काढून दाखवल्या. तिने सगळे ऐकून घेतले. "गावात काय तोंड दाखवू?" ती म्हणाली. "लेक औषध करतो, अन् माय परक्याच्या दारात?"

चट्टा पसरत चालला. भुजंग प्रयोगशाळेतले कपाट उघडी, कुपी हातात घेई, मायच्या वजनाला किती लागेल ते मनात मांडून बघे आणि कुपी परत ठेवी. एकदा मांडून झाले तरी कुपी हातातच राहिली. तेव्हा त्याने कपाटाला कुलूप लावले, घरी आला आणि मायसमोर जमिनीवर बसला.

"माय, खरं सांगतो. माझं औषध फवारायचं हाय."

"शेषेराव कापसावर मारतो, तसलं?"

"हाव. तसलंच. गाठ मरंल, अन् तूबी."

"मग इतकी वर्सं माणसाचं हाय म्हणून कामून सांगत होतास, लबाडा?"

नागुबाईने पिशवी भरायला घेतली.

हैदराबादच्या शेकाने तिचा गाल आतून भाजला आणि चट्टा गेला. गावात शेषेरावने विचारले, "लेकाचं औषध लागू पडलं म्हणा की."

"येड लागलं का तुम्हाला? ते फवारायचं हाय. माणसाला चालत न्हाई."

पुढच्या सुट्टीत भुजंग गावी आला, तेव्हा शेषेराव रिकामी बाटली घेऊन ओसरीवर बसला होता.

"आता लपवू नका. मायनंच सांगितलं."

भुजंगने आत पाहिले. नागुबाई दुधात भाकरी कुस्करून खात होती. तिखट अजून झोंबत होते.

"अजून उंदरांवरच चालू आहे," तो म्हणाला.

"मरायला लागले का?"

"निम्मे."

"मग होत आलं की," शेषेराव म्हणाला आणि बाटलीला बूच लावून उठला.