फ्लॉप्यांना दाखवलेलं ऊन

साताऱ्याच्या आमच्या ग्रंथालयात दसरा झाला की पोथ्यांना ऊन दाखवायचे. गच्चीवर सतरंजी, सतरंजीवर धुतलेलं धोतर, त्यावर पोथ्या. शिपाईमामा शेजारी राखणीला बसायचे. मग एकेका पोथीवर वेखंडाची पूड भुरभुरायची, ती दोन लाकडी पाट्यांमध्ये दाबायची आणि तांबड्या फडक्यात करकचून बांधायची. एकतीस वर्षांत मामांच्या एकाही पोथीला कसर लागली नव्हती.

मी तिथे सूची करायला लागले तेव्हा नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. साताऱ्याच्या आणि सांगलीच्या अशा दोन ग्रंथालयांनी मिळून हस्तलिखितांची आणि जुन्या शिळाप्रेसच्या पुस्तकांची एकच सूची करायची, तीही संगणकावर, असं ठरलं होतं. संगणक एकच, एका कॉलेजाकडून उसना आणलेला. तो सहा महिने आमच्याकडे आणि सहा महिने सांगलीला असायचा. एसटीत त्याला खिडकीची जागा मिळायची, मी उभी. पोथीचं नाव, पानं किती, मोडी की बाळबोध, पहिली ओळ, शेवटची ओळ, हे आधी चिठ्ठीवर लिहायचं आणि मग संगणकात घालायचं. निवडक पानांची चित्रंही हातात धरायच्या स्कॅनरने घ्यायचो. हात थरथरला की गणपतीला दोन सोंडा यायच्या.

तीन वर्षांनी काम संपलं. सगळी सूची फ्लॉप्यांवर उतरवली, एक संच आम्हाला, एक सांगलीला. कॉलेजाने संगणक आतून पुसून परत मागितला, आम्ही पुसून दिला. चिठ्ठ्या कार्यवाहांच्या हुकमाने रद्दीत गेल्या, कारण संगणकयुग आलं होतं. मी फ्लॉप्यांचा डबा मामांच्या ओंजळीत ठेवला आणि रंगमंचावर शोभेल अशा आवाजात म्हणाले, "मामा, ह्या आता आपल्या पोथ्याच. अगदी पोथीसारख्या जपा."

मामांनी जपल्या.

दिवाळीच्या सुट्टीनंतर सूची छापायची म्हणून मी डबा मागितला. मामांनी तांबडं गाठोडं आणलं. दोन पाट्यांच्या मध्ये फ्लॉप्या होत्या, पापडासारख्या वळलेल्या, वेखंडाच्या वासाच्या.

"ऊन दावलं," मामा म्हणाले. "आन ते पत्र्याचं झाकान सारून आत बी पूड घातली. कसर आतच बसती."

माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "काय चुकलं व्हय?"

मी सांगितलं. मामा स्टुलावर बसले. त्यांच्या निवृत्तीला दोन महिने उरले होते.

"माज्या सेवापुस्तकात एक तांबडा शेरा न्हाई, म्याडम," ते म्हणाले. "आन आता शेवटाला..."

"सांगलीचा संच आहे की. गुपचूप प्रत आणते. कोणाला कळायचं नाही."

मी फोनकडे हात नेला तेवढ्यात सांगलीचे ग्रंथपाल स्वतःच दारात उभे राहिले. हातात भडंगाची पिशवी. तीन वर्षांत त्यांनी आम्हाला शेंगदाणासुद्धा दिला नव्हता.

"सहज आलो होतो," ते म्हणाले.

"बरं झालं. तुमचा संच जरा पाहायचा होता."

"आधी तुमचा पाहू. तुमचा जास्त नीट असणार."

"छे हो, व्यवस्थितपणा सांगलीचाच."

"नाही नाही, मान साताऱ्याचा. राजधानी तुमची."

दोन्ही गावांनी एकमेकांना इतका आदर कधी दिला नव्हता. मामा चहा घेऊन आले, दोघांची तोंडं बघितली आणि म्हणाले, "सायेब, तुमच्याबी गेल्या व्हय?"

ग्रंथपालांनी भडंग टेबलावर ठेवलं. चोराला सापडू नये म्हणून त्यांनी फ्लॉप्या लाउडस्पीकरच्या खोक्याच्या आत लपवल्या होत्या. त्यात लोहचुंबक असतं आणि त्याने फ्लॉपी पुसली जाते, हे त्यांना मागाहून कळलं. "चोर आलाच नाही," ते म्हणाले. "नुसती व्याख्यानं झाली."

मग मामांनी विचारलं, "पोथ्या हायत न्हवं जाग्यावर?"

"आहेत."

"मग गेलं काय? तुमी लिवल्यालं गेलं. पुन्ना लिवा. मी काडून देतो."

तीन वर्षांच्या कामाबद्दल इतकं खरं आणि इतकं अपमानास्पद मला कोणीच सुनावलं नव्हतं.

पण कार्यवाहांना सांगणं भाग होतं. त्यांनी चौकशीचा कागद पुढे ओढला आणि चूक कोणाची ते विचारलं. मी उभी राहिले, पदर खोचला आणि क्रमाने सुरू केलं. "'पोथीसारख्या जपा' हे वाक्य माझं. मामांनी ते शब्दशः पाळलं. आता चिठ्ठ्या असत्या तर सगळं आठवड्यात भरून निघालं असतं. पण त्या रद्दीत घालायचा हुकूम..."

इथे कार्यवाहांनी चहा मागवला. चौकशीचा कागद बशीखाली गेला आणि तिथेच राहिला.

आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी चिठ्ठ्या ठेवल्या. दिवसभराच्या चिठ्ठ्या संध्याकाळी मामा वेखंड घालून बांधायचे आणि मी तोंडातून शब्द काढत नव्हते.

मामांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी त्यांच्या सेवापुस्तकातला शेवटचा शेरा मी लिहिला, कार्यवाहांनी निमूट सही केली: "सोपवलेली प्रत्येक वस्तू पोथीसारखी जपली." मामांनी पुस्तक खिडकीपाशी नेलं आणि उजेडात धरलं. मजकूर त्यांनी वाचला नाही. शाई काळी आहे ना, एवढंच बघितलं.