चुकीच्या छातीवर

आमची मुलगी जरा घाईतच जन्माला आली. शहापूरच्या दवाखान्यात तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती सोललेल्या उंदरासारखी दिसत होती. मी तसं बोललोही. त्यावर वैशाखऱ्याहून आलेल्या सासूने माझ्याकडे असं पाहिलं की मी पाण्याची बाटली भरायला निघून गेलो.

पंचाईत अशी की मुलगी अंगावर पीत नव्हती. बायको तिला छातीशी धरायची, ही जरा चाटायची आणि झोपून जायची. मग काढलेलं दूध वाटी-चमच्याने पाजायचं. डॉक्टरीणबाईंनी हात धुऊन करंगळी तिच्या तोंडात घालून टाळूला लावली, तशी तिने ती हळूच चोखली. "चोखता येतंय, जोर कमी आहे. येईल," त्या म्हणाल्या.

सासूला ते पटलं नाही. "डाक्टरणीचं बोट चोखते नि आयशीला नाय म्हणते. बापावर गेली."

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोला ताप भरला. बाळाला ऊब हवी म्हणून नर्सने माझा शर्ट काढायला लावला, मुलीला माझ्या उघड्या छातीवर ठेवलं आणि वरून चादर बांधली. वॉर्डात सगळ्या बायका. मी छताकडे पाहत बसलो. थोड्या वेळाने मुलगी जागी झाली. तोंड उघडून मान इकडेतिकडे फिरवत, केसांतून वाट काढत ती सरकली आणि तिने मला धरलं. कमी जोर म्हणे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"अहो, काय झालं?" बायकोने विचारलं.

"ही पितेय."

"काय?"

"मला."

पलीकडच्या खाटेवरची बाई आधी हसली, मग अख्खा वॉर्ड. मी मुलीला मागे ओढलं तर तिने जास्तच आवळलं. शेवटी नर्सने तिच्या ओठांच्या कोपऱ्यातून बोट घालून मला सोडवलं. बायको टाके धरून हसत होती, बाळंत झाल्यापासून पहिल्यांदाच. "आणा इकडं," ती म्हणाली, "तोंड उघडंय तोवर."

मुलगी तिच्या छातीला लागली आणि या वेळी झोपली नाही. घुटुक घुटुक आवाज यायला लागला. बायको रडायला लागली. मला मात्र, खरं सांगायचं तर, थोडा अपमान वाटला. मी शर्ट शोधत राहिलो.

सासूने ही गोष्ट वैशाखऱ्यात घरोघर सांगितली. बारशाला गेलो तर शेजारच्या म्हातारीने मला चुलीपाशी बोलावून मेथीचा लाडू हातावर ठेवला. "खा जावय, दूध येल."

मी खाल्ला. चांगला होता.