गडग्याची वाट
आज इथे आखातात धुळीने आमच्या सनद भागातली समोरची मशीद दिसेनाशी झाली आणि मला यॉर्कशायरचं धुकं आठवलं, जे मी कधी पाहिलेलंही नाही. तिथे शिकणारी आमची मुलगी मागे एकदा एका जुन्या कादंबरीतलं माळावरचं पडकं घर बघायला एकटीच निघाली होती. दुपारनंतर तिचा फोन लागेना. बायकोने चहा केला, पण घेतला नाही. अंधार पडल्यावर फोन वाजला. “बाबा, धुक्यात वाट चुकले. मग दगडावर दगड रचलेला गडगा लागला, आपल्या गावच्या सड्यावर, कातळाच्या माळावर असतो तसाच. त्याच्या कडेकडेने खाली आले.” माझा जीव भांड्यात पडला. सुट्टीत रत्नागिरीला गेलो की माझे वडील तिला सांगायचे, वाट चुकलीस तर गडगा धर, तो घरापाशीच नेतो. आणि ती कानांत हेडफोन घालून बसलेली असायची. “म्हणजे ऐकत होती तर,” बायको म्हणाली आणि गार झालेला चहा पुन्हा गरम करायला उठली.