लोकर कोरडी राहिली तर

कंडक्टरने डबल बेल मारली तरी बाबांची प्रार्थना संपेना. एसटीच्या दाराशी उभे राहून, माझ्या ट्रंकेवर हात ठेवून, ते देवाला माझं नाव, शिक्षण, तब्येत सगळं सविस्तर सांगत होते. जसं काही देव मला पहिल्यांदाच भेटत होता! गाडीतली माणसं माना वळवून बघत होती आणि मी लाजेने मेले. 'आमेन' झाल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "पोरी, कुठंही पाऊल टाकशील ते प्रभूला विचारून टाक."

बाबा नगरकडच्या आमच्या गावात मिशनच्या शाळेत मास्तर. आई मी लहान असतानाच गेली, त्यामुळे घरात आम्ही दोघंच. तुम्ही जे गावी राहिलात आणि जे माझ्यासारखे ट्रंक उचलून निघालात, तुम्हा सगळ्यांच्या कानात बाबांचं हे वाक्य असेल. आपल्या चर्चच्या मंडळीत ते ज्याला त्याला मिळायचंच.

ऐंशी सालानंतरचे ते दिवस. मुंबई, मुंबई करत आले ती थेट म्हशींच्या शेजारी! आत्याचे यजमान डेअरीत होते, त्यांचं क्वार्टर आरे कॉलनीत. सकाळी झाडीतून बस धरायची आणि अंधेरीला औषधाच्या कारखान्यात जायचं, गोळ्यांच्या पॅकिंगला. शिफ्ट, कँटीन, ओव्हरटाइम हे शब्द तोंडात बसले. गावी मी कायम 'मास्तरांची पोरगी'. इथे मुली म्हणायच्या, "ए, चल ना यार, चहा पिऊ." मला कुणाचीच पोरगी नसणं फार आवडलं. खरंच, फार आवडलं.

मग एक दिवस डेअरीच्या ऑफिसात बाबांचा ट्रंक कॉल आला. गावच्या मुलींच्या बोर्डिंगची मेट्रन थकली होती. "तिच्या जागी मंडळीनं तुझं नाव सुचवलंय," बाबा ओरडून बोलत होते. "प्रभूची इच्छा आहे, तू परत यावंस." त्याच आठवड्यात कारखान्यात साहेब म्हणाले होते की तुला पर्मनंट करतोय.

वाट लागली माझी. बाबांशी वाद घालता आला असता, पण देवाच्या इच्छेशी कसा घालणार? गुडघे टेकून रोज विचारायची, प्रभू, जाऊ की राहू? उत्तर काही येईना. राहावंसं वाटतंय हे तर माझं मन बोलतंय, आणि मनाचं ऐकणं म्हणजे पाप, असं डोक्यात घट्ट बसलेलं. म्हणून 'मला राहायचंय' हे शब्द मी प्रार्थनेत एकदाही उच्चारले नाहीत.

शेवटी चर्चच्या रविवारच्या शाळेत शिकलेली बायबलातली गोष्ट आठवली. एका माणसाने देवाचं मन ओळखायला रात्री खळ्यात लोकर ठेवली होती, दवाने ती भिजते की कोरडी राहते हे बघायला. आरेत थंडीत दव काय कमी पडतं? मी माझी लोकरीची शाल संध्याकाळी मागच्या अंगणातल्या गवतावर पसरली. गवत ओलं आणि शाल कोरडी, तर राहायचं. शाल भिजली तर मुकाट्याने गावी. मला हवं होतं तेच अवघड ठेवलं, म्हणजे देवाला वाटायला नको की पोरगी लबाडी करतेय.

सकाळी बघते तर गवत ओलंचिंब आणि शाल गायब.

शेजारच्या काकी दारात उभ्या होत्या. कणकवलीकडच्या, जिभेने तिखट, पण मायाळू. शाल त्यांच्या हातात, घडी घातलेली, उबदार, कोरडी ठणठणीत. "अगो, दव पडता, कळना नाय तुका? भिजान चिंब झाली असती, म्हणान आत घेतलंय."

मला आधी हसू फुटलं आणि मग रडूच कोसळलं. काकी घाबरल्या. मी सगळं सांगितलं तशा त्यांनी कपाळावर हात मारला. "अगो बाय माझे! कौल लावलंलस? आणि माका सांगूक नाय?" त्यांच्या गावी देवाला कौल लावतात, फूल कुठल्या बाजूने पडतं ते बघतात, त्यामुळे आपण केवढा घोळ घातला हे त्यांना लगेच उमगलं. मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "पण कौलाच्या आधी गाऱ्हाणा घालतत. तुका काय व्हया, ता देवाक सांगलंस काय?"

"मला इथं राहायचंय," मी म्हणाले, आणि माझाच आवाज ऐकून दचकले.

हे फोनवर ओरडून सांगण्यासारखं नव्हतं. रजा काढून गावी गेले. बाबा शाळेतून आले, सदरा काढून खुंटीला लावत होते, तेवढ्यात मी सांगून टाकलं. म्हटलं, "बाबा, प्रभूने मला काही सांगितलेलं नाही. पण मला राहायचंय, हे खरं आहे." ते खाली बसले. रागावतील म्हणून मी अंग चोरून उभी. पण ते म्हणाले, "मलाही त्यानं काही सांगितलं नव्हतं गं. घर खायला उठतं. तू यावंस असं मलाच वाटत होतं. ते मी त्याच्या नावावर खपवलं."

बाबांना असं बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं. मला त्यांची इतकी कीव आणि इतकी माया एकदम आली की क्षणभर वाटलं, गावीच राहून जावं.

मग आम्ही गुडघे टेकले. बाबांची प्रार्थना या वेळी अगदी छोटी झाली. "प्रभू, पोरीनं घरी यावं असं मला वाटतं. तिला तिथं राहायचंय. दोघांनी खरं सांगितलं. आता तू सांभाळ." 'आमेन' म्हणायला त्यांना जमलं नाही, ते मला एकटीलाच म्हणावं लागलं.

मी मुंबईतच राहिले, इथेच संसार केला. बाबा जाऊनही आता खूप वर्षं झाली. तरी कुणी घर कुठलं विचारलं की मला आरे आठवत नाही, की गावातलं आमचं घरही नाही. शेजारी गुडघे टेकून बसलेले बाबा आठवतात, आणि आम्ही दोघं एकमेकांपासून काहीही लपवत नव्हतो, ती संध्याकाळ.