ओल्या हाताचं बटण

"आधी हात कुठं जातोय ते बघू, मग वायर," असं ती म्हणायची आणि अंबाड्यातली पेन्सिल उपसायची. भिंतीत काही बसवायच्या आधी ती घरातल्या माणसाला चालायला लावी. दारातून आत या, अंधार आहे असं समजा, हात कुठं गेला? तिथं फुली.

हे कामाला जात त्या कारखान्यात ती विजेची पॅनल जोडायच्या कामावर होती. गाव केडगाव, राहायला शिरूरमध्ये एक खोली. आमचे हे स्वतः जुने वायरमन. तरी आमचं नवं घर स्लॅबपर्यंत आलं तेव्हा म्हणाले, "लायटीचं समदं मॅडमना विचारून करायचं." मॅडम ह्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान.

मग दर गुरुवारी, कारखान्याच्या सुट्टीला, ती आमच्या मार्केट यार्डामागच्या भाड्याच्या खोल्यांत यायला लागली. जमिनीवर मोठा कागद पसरायचा, एका बाजूला ती, एका बाजूला हे, आणि मी ओट्यापाशी. सगळे दिवे एका पेटीतून चालवायचे, असं तिचं म्हणणं. पेटीत प्रत्येक दिव्याला एक छोटा डबा, त्याला रिले म्हणायचं. बटणाला जाणारी वायर बारीक, तिच्यात फक्त चोवीस व्होल्ट. बटण दाबलं की रिले टक करतो आणि दिवा लावतो. घरातला मोठा करंट बटणापर्यंत येतच नाही. हे सगळं मी पाठमोरी उभी राहून ऐकलं.

दिसायला ती चारचौघींसारखी, बोटांवर भाजल्याचे डाग. मला हेवा वाटायचा तो ह्यांच्या बोलण्याचा. माझ्याशी ह्यांचं बोलणं म्हणजे 'वाढ' आणि 'पुरे'. तिच्याशी दोन-दोन तास.

"मॅडम, जिन्याला वर-खाली दोन बटणं घिऊ?"

"तीन घेऊ, दादा. गच्चीच्या दाराशी पण हात जातो."

हे मान हलवायचे. लग्नाला बावीस वर्षं झाली, माझ्या बोलण्यावर अशी मान हललेली मला आठवत नाही.

एका गुरुवारी मी तिच्या चहात मुद्दाम साखर टाकली नाही. कप हातात घेऊन ती डोळे मिटून बसली. मला वाटलं, वासावरूनच कळलं हिला. पण ती ख्रिस्ती होती, खाण्यापिण्याआधी मनात प्रार्थना करायची तिची रीत. मग एक घोट घेऊन म्हणाली, "वहिनी, मला बिनसाखरेचाच आवडतो. तुम्ही कसं वळखलं?" पुढच्या वेळी मी चार चमचे घातले. तोही तिनं संपवला.

असंच एकदा हे फोन घ्यायला बाहेर गेले. ती माझ्या ओट्यावरच्या बोर्डाकडं बघत राहिली. दिव्याच्या बटणावर पीठ होतं.

"वहिनी, लाटण्यानं बटण दाबता?"

माझी तव्यावरची चपाती करपली.

"कवापासनं?"

"लग्न झाल्यापासनं. पहिल्याच वर्साला ओल्या हाताला शॉक बसला. दोन दिस हात वळत नव्हता."

"दादांना म्हाईत न्हाई?"

"वायरमनची बायको बटणाला भिती म्हणल्यावर माणसं हसतील."

ती हसली नाही. कागदावर काहीतरी लिहिलं आणि पेन्सिल अंबाड्यात खोवली.

तुम्हाला वाटेल, माझा राग तिथं निवला असेल. तो वाढला. बावीस वर्षं समोर बसून जेवणाऱ्या माणसाला जे दिसलं नाही, ते हिला एका दुपारी दिसावं?

पुढच्या गुरुवारी हे म्हणाले, "मॅडम, रिले हॉलला, जिन्याला आन् भायेरच्या लायटीला पुरं. किचनला साधंच बटण टाकू. पेटी लहान हुईल."

माझा हात कणकेतच थांबला. म्हणजे नव्या घरातही पुन्हा तेच भ्यायचं. ती माझ्याकडं बघत होती. मी बोलावं म्हणून वाट बघत होती, हे मला कळत होतं. मी पुन्हा कणीक मळायला लागले.

"दादा, किचन पहिलं," ती म्हणाली. "हात तिथंच ओले असतात."

"व्हय की," हे म्हणाले.

एवढंच. मी बोलले असते तर हे 'व्हय की' म्हणाले असते का, ते आता कधी कळायचं नाही.

नव्या घरात गेलो त्या दिवशी तिनं मला बादलीत हात बुडवायला लावला. "दाबा." मी दाबलं. पेटीत टक वाजलं, दिवा लागला.

"ओला हात कशाला?" ह्यांनी विचारलं.

"टेस्टिंग, दादा."

वर्षभरात तिला लांब कुठंतरी नोकरी लागली. तिचा नंबर लागेनासा झाला. 'मॅडम असत्या तर' असं ह्यांनी म्हटलं की मी भांडी जरा आपटूनच ठेवायची.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी किचनचा दिवा लागेना. टकही वाजेना. हे कामावर. मी पहिल्यांदाच पेटीचं दार उघडलं. आत तळाशी, वायरींच्या मागं, पिशवीत एक कोरा रिले होता आणि घडी घातलेला कागद. वर लिहिलं होतं, 'वहिनी'. चौथी शिकलेल्या बाईला वाचता यावं अशी मोठी, सुटी अक्षरं. घराचा मेन स्विच बंद करा. डावीकडून चौथा डबा. क्लिप दाबून सरळ ओढा. नवा तसाच बसवा. आणि खाली, अडलं तर केडगावला आईच्या ह्या नंबरवर फोन करा, तो बदलत नाही.

मी केलं. मेन बंद आहे ना, ते दोनदा जाऊन बघितलं, पण केलं.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. ह्यांनी पेटी उघडून डबा हलवून बघितला, मग ओट्याशी खुर्ची ओढून बसले. "कसा बदलला? नीट सांग." मी सांगत गेले. चपात्या निवल्या तरी ह्यांचं विचारणं संपेना.

"तुला शिकवलं कुणी?"

"बघून बघून," मी म्हणाले.

गच्चीवर अजून एक दिवा वाढवायचा आहे. हे अधूनमधून म्हणतात, "मॅडमचा नंबर कुणाकडनं मिळाला तर बरं हुईल." मी "व्हय" म्हणते. कागद माझ्या साड्यांच्या घडीत आहे. त्या नंबरवर मी अजून फोन केलेला नाही, काय बोलावं सुचत नाही. पण ह्यांना तो द्यायचा नाही, एवढं मी ठरवलं आहे.