अक्कांची पस्तीसची लेन्स

"बिचारी" हा शब्द त्या दिवशी धुळ्याच्या त्या घरात मी निदान सात-आठ जणांच्या तोंडून ऐकला. सुनंदाअक्का गेल्याचा फोन त्यांच्या मुलीनं, मनीषानं, सकाळीच केला होता. जळगावातलं माझं कॅमेऱ्याचं दुकान मी नुकतंच उघडत होतो. अर्धं वर गेलेलं शटर तसंच खाली ओढलं आणि मिळेल त्या एसटीनं धुळं गाठलं. पोचलो तेव्हा ओट्यावर माणसं बसली होती आणि आतून तेच येत होतं... बिचारी, फार सोसलं हो तिनं. मला ऐकवेना. अक्का असत्या तर त्यांनी चष्मा कपाळावर चढवून "कोण बिचारी? नाव सांगा ना" असं त्या माणसाला समोर बसवून विचारलं असतं, आणि तो उत्तर देईपर्यंत त्याला उठू दिलं नसतं. आता महिना उलटून गेला, तरी माझा राग गेलेला नाही. तो शब्द खोडून काढण्यासाठीच लिहायला बसलोय, हे आधीच सांगून टाकतो.

अक्कांच्या यजमानांचा धुळ्यात छोटा फोटो स्टुडिओ होता. ते अचानक गेले तेव्हा मनीषा चौथीत होती. स्टुडिओ भाड्यानं देऊन टाकायचं सासरच्या मंडळींनी परस्पर ठरवलं. अक्कांनी कुणाशी वाद घातला नाही. चौदाव्या दिवशी त्यांनी स्वतः शटर वर केलं, आणि आत येणाऱ्या पहिल्या गिऱ्हाइकाला "हनुवटी जरा खाली" असं सांगून पासपोर्ट फोटो काढला. नवऱ्याला मदत करता करता त्या बरंच शिकल्या होत्या, उरलेलं चुकत चुकत शिकल्या. पासपोर्ट फोटोंवरून साखरपुडे, साखरपुड्यांवरून लग्नं. दोन-तीन महिन्यांतून एकदा त्या माझ्याकडे यायच्या, कधी मेमरी कार्डासाठी, कधी बॅटरीसाठी, आणि बऱ्याचदा नुसत्या भांडायला. मी दिलेली एक बॅटरी लवकर उतरते म्हणून त्यांनी ती काउंटरवर आपटली होती. "भाऊ, हाई बॅटरी तुम्हीच ठेवा, घड्याळमा लावाले!" दुकानातली गिऱ्हाइकं हसली, मीही हसलो, आणि नवी बॅटरी काढून दिली.

त्यांचं काम चांगलं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. लोक लांबून बोलवायचे. फक्त हळदीची वेळ आली की गंमत व्हायची. नवरीला हळद लागताना विधवा बाई जवळ नको, हे त्यांच्या तोंडावर कुणी म्हणत नसे. "ताई, तुम्ही तिकडे उभ्या राहा ना, तिकडून छान येईल." तिकडे म्हणजे मांडवाच्या शेवटच्या खांबापाशी. अक्का जायच्या, झूम लेन्स लावायच्या, फोटो काढायच्या, काम संपवून निघायच्या. मला वाटायचं त्यांना त्याचं काही वाटत नाही. आपल्याला सोयीचं असतं ते आपल्याला वाटतं.

माझ्या थोरल्या मुलीच्या, वैशालीच्या हळदीला मीही तेच केलं. खरं तर त्याहून वाईट केलं. माझ्या मोठ्या बहिणीनं, जिजीनं, आदल्या दिवशीच मला बाजूला घेऊन बजावलं होतं. मला ते आवडलं नव्हतं, पण घरात वाद नको म्हणून गप्प बसलो. आणि मग माझ्यातल्या दुकानदाराला युक्ती सुचली. दुकानातली सगळ्यांत लांबची झूम लेन्स आणून अक्कांच्या हातात ठेवली आणि म्हणालो, "अक्का, ही लावा. खांबापासूनसुद्धा वैशालीच्या पापण्या मोजता येतील." मला वाटलं, मी मार्ग काढला! अक्कांनी लेन्सकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "बरं," एवढंच म्हणाल्या. फोटो अप्रतिम आले. मी ते चार लोकांना कौतुकानं दाखवत फिरलो... इतका मी शहाणा.

पुढं दोन-अडीच वर्षांनी अक्का फुल फ्रेम कॅमेरा घ्यायला आल्या. तोवर त्या क्रॉप सेन्सरवर काम करत होत्या. ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सोपं करून सांगतो. क्रॉपचा सेन्सर लहान, त्यामुळे चित्राच्या कडा कापल्या जातात आणि लांबचं जास्त जवळ आल्यासारखं दिसतं. फुल फ्रेमवर कडा परत मिळतात, पण तीच झूम लेन्स तोकडी वाटायला लागते. म्हणून बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा, बदलणाऱ्या प्रत्येकाला मी पाठ केल्यासारखं सांगायचो की आता याच्याहून लांबची लेन्स घ्या, नाहीतर पस्तावाल. अक्कांनाही तेच सांगितलं. मोठी, जाड, दोन्ही हातांनी धरावी लागणारी झूम त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी तिला हातही लावला नाही. पिशवीतून लॅपटॉप काढला आणि माझ्याकडे वळवला.

कॅमेरा प्रत्येक फोटोसोबत तो किती एमएमवर काढला हेही नोंदवून ठेवतो; आकडा जितका मोठा, तितका फोटो लांबून काढलेला. नवी लेन्स निवडायच्या आधी आपले जुने आकडे बघा, म्हणजे आपल्याला नेमकं काय लागतं ते कळतं, हा सल्ला मीच त्यांना फोनवर दिला होता. त्यांनी तो तंतोतंत पाळला होता. "हे बघा भाऊ. साखरपुड्याला बावीस. वाढदिवसाला चोवीस. मुलीची पाठवणी, तिथं पण बावीस-तेवीस. आणि आता हळदी बघा." एकेका घराची हळद त्या उघडत गेल्या. दोनशे. दोनशे वीस. अडीचशे, अडीचशे, अडीचशे. "बाकी सगळीकडे मी माणसांत आहे. हळदीलाच तेवढी कोण जाणे कुठे आहे!" शेवटची हळद वैशालीची होती. त्यांनी ती मुद्दाम शेवटी ठेवली होती की नाही, हे मी कधी विचारलं नाही. इतकी वर्षं लेन्स विकतो, अंतर मोजणं हाच माझा धंदा, आणि मला हे अंतर दिसलं नव्हतं.

मी तरीही चुळबुळत म्हणालो, "पण अक्का, मोठी झूम जवळ असलेली बरी. लोक बदलत नाहीत. उद्या परत खांबापाशी उभं केलं तर?" त्यांचा आवाज चढला आणि बोली धुळ्याची झाली. "म्हणीसन तर नको! माले लांबनं देखनारं नकोच, भाऊ. आते माले बठ्ठासमा बसानं शे." आता त्यांना सगळ्यांमधे बसायचं होतं. आधी त्यांनी आपली जुनी छोटी क्रॉपची लेन्सच नव्या बॉडीवर चढवून पाहिली. ती बसली, पण चारही कोपरे काळे आणि मधे माझा गोल चेहरा. "हाऊ फोटो शे का पोळपाट?" म्हणून खो खो हसल्या. मग क्रॉपवरचं बावीस-तेवीस म्हणजे फुल फ्रेमवरचं पस्तीस, हे त्यांनीच मला समजावलं, आणि पस्तीसची लेन्स घेतली. झूम नाही, काही नाही. पुढं जायचं तर पायांनी जायचं. सोबत नवरीच्या चेहऱ्यासाठी एक पंचाऐंशीची. जाताना म्हणाल्या, "ही पस्तीसची खांबापासून कामाची नाही. तेच हिचं चांगलं."

त्यानंतरच्या हळदींमध्ये काय काय झालं ते मला तुकड्या-तुकड्यानं कळत गेलं. दोन घरांनी त्यांना दिलेलं काम परत घेतलं. एका वरमाईनं दुसरा फोटोग्राफर आणला. अक्का मांडवात शिरताना सांगायच्या, "आत बसू देत असाल तर हळदीचे फोटो काढते, नाहीतर काढत नाही. लग्नाला उद्या येते." भांडण नाही, रडणं नाही. ज्या घरांनी बसू दिलं, तिथले फोटो त्या मला आणून दाखवायच्या. आंब्याच्या पानांनी उडालेले हळदीचे थेंब, नवरीच्या पायाची नखं, आणि चित्राच्या कडेला भिंतीला टेकून उभ्या असलेल्या आणखी एक-दोन विधवा, जशा त्यांच्या आधीच्या हळदींच्या कुठल्याच फोटोत आलेल्या नव्हत्या.

मग माझ्या धाकटीची, पूजाची हळद आली. पूजानं आधीच सांगितलं होतं, अक्काच येतील. अक्का आल्या आणि सरळ चौरंगापाशी मांडी घालून बसल्या. जिजी पुढं आली. "अहो, तिकडे खांबापाशी जरा..." "आत्याबाई, ही लेन्स तिकडून चालत नाही," अक्का म्हणाल्या, आणि कॅमेरा डोळ्याला लावला. जिजी माझ्याकडे बघायला लागली, मांडवातल्या सगळ्या बाया माझ्याकडे बघायला लागल्या. मी घाबरलो होतो, खोटं कशाला सांगू. पण वैशालीचे फोटो डोळ्यापुढं होते. "अक्का इथंच बसतील," मी म्हणालो. माझाच आवाज मला अनोळखी वाटला. जिजी रागावून खुर्चीवर जाऊन बसली, जेवली नाही, आणि तिचं मत आजही तेच आहे. असू दे. पूजाचा संसार छान चाललाय.

गेल्या वर्षी अक्कांच्या हृदयाच्या झडपेचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी ओझं उचलू नका म्हणून सांगितलं. मी काळजीनं फोन केला तर म्हणाल्या, "पस्तीसले काय वजन शे?" शेवटच्या लग्नसराईतही त्या काम करत होत्या. सोसलं, हे खरं. पण बिचारी? छे!

परवा मनीषा त्यांची बॅग दुकानात ठेवून गेली. आईच्या वस्तू कपाटात पडून राहू नयेत, कुणीतरी वापराव्यात, असं तिला वाटतं. जुना माल मांडण्याआधी मी तो नेहमी स्वच्छ करतो, म्हणून ब्रश घेऊन बसलो. पंचाऐंशी काळी कुळकुळीत. पस्तीसच्या रबरी रिंगच्या मात्र प्रत्येक खाचेत वाळून बसलेली हळद. एका घरची नाही, कितीतरी घरांची. ब्रश खाली ठेवला.

काल बोदवडचा एक चाळिशीचा फोटोग्राफर आला. लेन्स त्याला पसंत पडली. "शेठ, हे पिवळं तेवढं काढून द्या, गिऱ्हाइकासमोर बरं दिसत नाही." मी म्हटलं, नाही काढणार. "थोडं स्पिरिट लावलं की निघेल हो." निघेलही, म्हटलं, पण मी काढणार नाही. मग त्याला विचारलं, "हळदीचे फोटो तू कुठं बसून काढतोस?" तो हसला. "कुठं म्हणजे? चौरंगापाशी. मला कोण अडवतंय?"

खरंच, त्याला कोण अडवणार! परका पुरुष, बायांच्या घोळक्यात, नवरीपासून हातभर अंतरावर, आणि कुणाच्या कपाळावर आठी नाही. मी लेन्स त्याच्या हातातून काढून घेतली आणि परत कपाटात ठेवली. "तुला दुसरी दाखवतो," म्हणालो. ही मी कुठल्यातरी खांबापाशी उभ्या केलेल्या बाईसाठी ठेवलीय. ती येईल तेव्हा देईन, पण पुसून देणार नाही.