पानाला चावलेला डोंगळा

आमच्या लॅबच्या मॅडमना काही नीट बघायचं असलं की त्या चष्मा कपाळावर चढवायच्या, वस्तू पार नाकाला टेकवायच्या आणि म्हणायच्या, "थांब गं माय, आधी बघू दे मले." मग ते सूत असो, भाजीतली अळी असो, नाहीतर नव्या मॅनेजरचं व्हिजिटिंग कार्ड.

सिल्वासाजवळ मसाटला आमच्या कंपनीत पॉलिएस्टरचं सूत बनतं. त्या जळगावकडच्या, मी पुण्याची. त्या सूत सूक्ष्मदर्शकाखाली तपासायच्या आणि मी माल रवाना करायची. त्यांनी पास केल्याशिवाय माझा ट्रक हलत नसे, त्यामुळे आमची मैत्री भांडणातूनच सुरू झाली. "घाई तुझ्या ट्रकले आहे, माझ्या डोळ्याले नाही," असं त्या म्हणाल्या की माझा तिळपापड व्हायचा.

जवळच्याच सामरवरणीत आम्ही एकाच इमारतीत राहायचो, म्हणून त्यांच्या घरचं मला ठाऊक होतं. शेजारच्या गुजरातेत दारूबंदी असल्याने तिकडचे लोक सीमा ओलांडून आमच्याकडे प्यायला येतात. मॅडमच्या यजमानांना तेवढेही कष्ट नव्हते, बार कोपऱ्यावरच होता. माणूस अबोल, हाताने उत्तम फिटर. पण दिवे लागले की अर्धा चहा तसाच ठेवून उठायचे. मॅडम म्हणायच्या, "नका ना जाऊ." ते म्हणायचे, "नाही जात." आणि म्हणता म्हणता चपला घालायचे. मला त्यांचा भयंकर राग यायचा. मॅडम मात्र खिडकीतून त्यांच्या पायांकडे बघत राहायच्या.

एका पावसाळ्यात जेवणाच्या सुट्टीत आम्ही कंपनीच्या मागच्या कुंपणाशी फिरत होतो. तिथल्या झुडपापाशी मॅडम थबकल्या. चष्मा वर गेला. एका पानाच्या मागच्या शिरेला एक काळा डोंगळा जबडा रुतवून लटकला होता. मेलेला. त्याच्या मानेतून दोऱ्यासारखा एक बारीक कोंब बाहेर आला होता.

"ए तो मरेलो मंकोडो छे, मॅडम," माळीकाका म्हणाले.

"मेला खरा, पण इथे आला कसा?" मॅडम पुटपुटल्या.

त्या आठवड्यात मोबाइलवर सापडेल ते सगळं त्यांनी वाचून काढलं आणि मला सांगितलं. तुम्ही डोंगळ्यांची रांग पाहिलीच असेल; ती सोडून एकटा कुणी सहसा भटकत नाही. पण एक बुरशी त्याच्या अंगात शिरते आणि तो रांग सोडतो. झुडपावर चढतो. बुरशीला हवा तेवढा ओलावा जिथे असतो, तिथल्याच पानाला कडकडून चावतो. तो जबडा पुन्हा उघडत नाही. मग मानेतून कोंब फुटतो आणि खालून जाणाऱ्या डोंगळ्यांवर बुरशीचे कण पडत राहतात.

"आणि ऐक," मॅडमचा आवाज एकदम खाली आला. "ती डोक्यात शिरतच नाही म्हणतात. अंगाच्या स्नायूंमध्ये पसरते. डोकं त्याचं त्याच्याजवळच राहतं. म्हणजे पाय निघाले चालायले, आणि हा आतून बघतोय?"

एवढ्याशा जिवात केवढं हे! त्या कुणाबद्दल बोलत होत्या, हे मला न सांगताच कळलं. त्यांचे डोळे भरले होते.

पुढे त्यांना नुकतेच चावून मेलेले आणखी डोंगळे सापडले. काही त्यांनी झुडपावरच राहू दिले. काही पानासकट लॅबमध्ये आणून ठेवले, सुतासाठी हवा थंड आणि बाहेरपेक्षा कोरडी ठेवतो त्या खोलीत. झुडपावरच्यांना कोंब फुटले. लॅबमधले तसेच राहिले. मॅडम सारख्या त्यांच्यापाशी जायच्या, आणि देवळातून आल्यासारख्या परतायच्या.

"जागा बदलली आणि बुरशी अडली बघ," त्या म्हणाल्या.

"पण मॅडम, डोंगळा तर मेलाच ना?"

"तो मेला. माझा माणूस जिता आहे."

महिन्याभरात त्यांनी राजीनामा दिला. गुजरातेत पार आतल्या गावी एका छोट्या गिरणीत कमी पगाराची नोकरी धरली. मी म्हटलं, "तिथेही चोरून मिळतेच की."

"मिळते गं. पण शोधावी लागते. शोधेपर्यंत एखाद दिवशी डोकं पायांच्या पुढे जाईल."

सामानाचा टेम्पो निघाला तेव्हा मी स्कूटीवरून सीमेच्या नाक्यापर्यंत गेले. सिल्वासाहून येणारी गाडी तिथे बाटल्यांसाठी तपासतात. पोलिसाने विचारलं, "अंदर शुं छे?" मॅडम उतरायला लागल्या, तर यजमानांनी त्यांना हातानेच थांबवलं. ते स्वतः खाली आले. "घरचं सामान आहे, साहेब," ते म्हणाले. एवढ्या वर्षांत मी त्यांचं इतकं स्पष्ट वाक्य ऐकलं नव्हतं.

पोलीस म्हणाला, सामानाची दोरी सोडा. यजमानांचे ते फिटरचे हात लटलट कापत होते. गाठ फार घट्ट होती, मागे गाड्यांचे हॉर्न वाजायला लागले, ड्रायव्हर मदतीला उतरला. मॅडमनी त्याला अडवलं. आम्ही सगळे उभे राहिलो, आणि ती गाठ यजमानांनीच सोडली.